चिंता आणि विषाद : वऱ्हाडच्या कापूस-प्रदेशातील एका मनोवस्थेचा इतिहास

अमरावती विभागाच्या आयुक्त कार्यालयात २००१ सालापासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची जिल्हावार नोंद ठेवली जाते. मृताच्या कुटुंबास शासकीय साहाय्य द्यावयाचे की नाही हे ठरविताना प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' याचा निर्णय जिल्हास्तरावरील समिती करते. त्या निर्णयास आधारभूत अशी तीन कारणे मानली गेली आहेत : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जाच्या परतफेडीचा तगादा. या कागदांवरून पिकाची आणेवारी कळते, बँकेची बाकी कळते, सातबाऱ्यावर कोणाचे नाव होते हेही कळते. परंतु तो मनुष्य मृत्यूपूर्वीचे सहा महिने रात्री झोपत होता किंवा नाही, वावरात जावयाचे त्याने केव्हापासून सोडले होते, चारचौघांत बसणे केव्हा थांबविले होते, याविषयी कागद मुका आहे. कर्ज आणि मृत्यू या दोन टोकांमध्ये मनाचा जो दीर्घ प्रवास घडतो त्यास या नोंदींत रकाना नाही, आणि आमच्या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासलेखनातही तो बहुतांशी रिकामाच राहिला आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय तो रकाना होय. चिंता व विषाद या दोन अवस्था वैद्यकाने दीर्घकाळ निरनिराळ्या मानल्या. वऱ्हाडच्या कोरडवाहू कापूस-शेतीचा इतिहास पाहिला असता त्या एकाच वर्षातील दोन ऋतूंप्रमाणे एकीतून दुसरी उद्भवताना दिसतात. त्यांच्यामधील दुवा ओळखला गेला नाही म्हणून उपायही दीर्घकाळ अर्धवट राहिले, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ग्रांथिक मराठीत 'चिंता' व 'विषाद' हे दोन्ही शब्द संस्कृतातून आले आणि त्यांचे अर्थक्षेत्र फार पूर्वीपासून ठरलेले आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. तेथील वर्णनाचा क्रम मोठा लक्षणीय आहे. आधी गात्रे शिथिल होतात, तोंडास कोरड पडते, अंगास कंप सुटतो, त्वचा जळू लागते, मन भ्रमते. आज ज्यास आपण तीव्र चिंतेची शारीरिक लक्षणे म्हणू ती हीच. यानंतर तो योद्धा धनुष्य टाकून रथात खाली बसतो. प्रथम भय आणि मग निश्चेष्टता, असा हा क्रम प्राचीन ग्रंथकाराच्या नजरेतून सुटलेला नाही.

'उदास' या शब्दाचा प्रवास याहून वेगळा आहे. संतवाङ्मयात तो प्रायः अनासक्ताचे, विरक्ताचे विशेषण म्हणून येतो, आणि तेथे तो गुण आहे. बोलभाषेत त्यास खिन्नतेचा अर्थ आला तरी जुन्या अर्थाची छाया पुसली गेली नाही. संसारातून मन काढून घेतलेला, कोणाशी न बोलणारा मनुष्य आजारी असेल ही शंका त्यामुळे सहसा येत नाही. 'त्याचे आता कशातच मन नाही' हे वाक्य आमच्याकडे कौतुकानेही उच्चारता येते. या भाषिक वारशाने किती आजारी माणसे झाकली गेली असतील, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

वऱ्हाडातील खेड्यांत मात्र या दोन अवस्थांसाठी वेगळे, शरीराशी जडलेले शब्दप्रयोग आहेत. घोर लागणे, जीव खालीवर होणे, काळीज धडधडणे हे एका बाजूस. मन न लागणे, न करमणे, अंगात त्राण नसणे हे दुसऱ्या बाजूस. अलीकडे या दोन्ही बाजूंना व्यापणारा 'टेन्शन' हा शब्द सर्वत्र रूढ झाला आहे. विद्यापीठीय लेखनात हा शब्द दिसला की नाके मुरडली जातात. परंतु शास्त्रीय परिभाषेने जे दोन कप्पे केले ते मोडून एकत्र करणारा शब्द लोकांनी आपण होऊन स्वीकारला, ही गोष्ट दुर्लक्षणीय नव्हे.

शास्त्राच्या बाजूने पाहता या प्रश्नावरील वाद जुना आहे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ ऑब्रे लुइस यांनी १९३४ साली विषादग्रस्त रुग्णांचा सूक्ष्म अभ्यास करून, चिंता व विषाद यांमध्ये स्पष्ट सीमारेषा आखता येत नाही असे मत मांडले. पुढे न्यूकॅसल येथे मार्टिन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन विकार स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. याच सुमारास मॅक्स हॅमिल्टन यांनी चिंतेसाठी १९५९ मध्ये एक आणि विषादासाठी १९६० मध्ये दुसरी अशा दोन मापनश्रेणी तयार केल्या. दोन्हींमध्ये निद्रानाश आहे आणि दोन्हींमध्ये मनाची खिन्नता आहे, हे पाहिले म्हणजे वादाचे मर्म ध्यानात येते. १९८० सालच्या अमेरिकन वर्गीकरणाने दोहोंना वेगवेगळ्या प्रकरणांत बसविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ च्या वर्गीकरणात मात्र 'संमिश्र चिंता व विषाद' अशी नोंद करून व्यवहारास मान्यता दिली. आज हे सर्वसाधारणपणे मान्य आहे की एक विकार असणाऱ्या व्यक्तींपैकी फार मोठ्या भागात दुसराही आढळतो, आणि बहुधा चिंता आधी येते. उलट क्रमही घडतो, पण तो कमी.

आमच्या विषयास सर्वांत उपयुक्त ठरणारा सिद्धान्त मात्र एका समाजशास्त्रज्ञाच्या हातून आला. जॉर्ज ब्राऊन यांनी फिन्ले-जोन्स यांच्यासह १९८१ मध्ये लंडनमधील स्त्रियांच्या जीवनातील घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की पुढे येऊ घातलेल्या संकटाच्या घटनेमागून चिंता येते, घडून गेलेल्या हानीच्या घटनेमागून विषाद येतो, आणि जेथे दोन्ही प्रकारच्या घटना असतात तेथे दोन्ही अवस्था एकत्र येतात. १९९५ मध्ये ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यात भर घातली. केवळ हानीपेक्षा मानहानी आणि सुटकेचा मार्ग नसलेली कोंडी या गोष्टी मनुष्यास विषादाकडे अधिक नेतात, असे त्यांनी दाखविले. 'तगादा' हा शासकीय शब्द या प्रकाशात पुन्हा वाचावा. तगाद्यात पैशाची मागणी असते त्याहून अधिक मानहानी असते, आणि ती दारात, शेजाऱ्यांच्या देखत होते.

आता वऱ्हाडकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. तेव्हाही येथे कापूस पिकत होता, परंतु ज्वारी आणि कापूस यांचा तोल होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. युद्ध संपताच ते कोसळले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या प्रसिद्ध कापूस-बाजारासाठी शाखा झाली. त्याच्या आदल्या वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. लोहमार्गाबरोबर तारायंत्र आले आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारपेठेत येऊन धडकू लागला.

या घटनांचा आर्थिक अर्थ अनेकांनी सांगितला आहे. त्यांचा मानसिक अर्थ असा की, कास्तकाराच्या चिंतेचा विषय बदलला. पूर्वी ती चिंता मुख्यतः पावसाची होती. पाऊस हा अनिश्चित खरा, परंतु दृश्य आहे. त्याची नक्षत्रे आहेत, वाहने आहेत, त्याच्याविषयीचे ठोकताळे आहेत, आणि तो सर्व गावास एकदमच चुकतो. पावसाच्या चिंतेस समाजाची सोबत असते. भावाची चिंता तशी नाही. तो कोठे ठरतो हे दिसत नाही, त्यास नक्षत्र नाही, त्याच्यासाठी व्रत नाही. शेजाऱ्याने आठ दिवस आधी माल विकला आणि आपण थांबलो, तर हानी आपल्या एकट्याची होते आणि दोषही आपल्या एकट्याच्या माथी येतो. हानीबरोबर स्वतःस दोष देणे हे विषादाचे जुने लक्षण आहे. बाजाराने नापिकीच्या सामुदायिक दुःखात वैयक्तिक अपराधाची भर घातली, असे म्हणावयास हरकत नाही.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी कोरडवाहू कापसाचे एक वर्ष डोळ्यांसमोर आणावे. मृग लागतो, कास्तकार उधारीने अथवा पीककर्जाने बियाणे आणतो. पेरणी केल्यावर पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी, म्हणजे दुसऱ्यांदा बियाण्याचा खर्च. नंतर डवरणी, निंदण, खत, फवारणी. प्रत्येक खर्च पुढील उत्पन्नाच्या भरवशावर केलेला असतो. जूनपासून दसऱ्यापर्यंतचा हा काळ केवळ संकटाच्या शक्यतेचा आहे. हानी अजून झालेली नाही, पण ती होऊ शकते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीस सीतादहीचा विधी करून शेतास दहीभात अर्पण करण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि तो दिवस आनंदाचा असतो. त्यानंतर मात्र सत्य उघडे पडते. बोंडे किती फुटली, बोंडअळीने किती खाल्ली, भाव काय मिळाला, अडत्याकडून हाती किती आले. हिवाळ्याच्या अखेरीस हिशेब पूर्ण होतो आणि मार्चमध्ये बँकेचे वर्ष संपते. शक्यतेचे रूपांतर हानीत होते, चिंतेचे विषादात. पुढल्या मृगापर्यंत तो विषाद ओसरला नाही तर नव्या हंगामाची चिंता जुन्या खिन्नतेवरच येऊन बसते. अशी दोनतीन वर्षे लागोपाठ आली म्हणजे कोणता ऋतू कोठे संपला हे मनुष्यास सांगता येत नाही.

अकोला जिल्ह्यात या अवस्थेस भूगोलाचीही जोड मिळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल आणि दिसावयास श्रीमंत. परंतु भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे विहीर खणून ओलीत करणे बहुधा निरर्थक ठरते. इतरत्र चिंताग्रस्त शेतकऱ्यापुढे निदान विहिरीचा एक उपाय असतो, पाणी न लागले तरी प्रयत्न केल्याचे समाधान असते. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास आकाशाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. ब्राऊन ज्यास कोंडी म्हणतात तिचे याहून मूर्त उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

कोंडी फोडणे हाही उपचारच आहे, ही जाणीव जुन्या राज्यकर्त्यांस नकळत झालेली दिसते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा मध्यप्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला आणि सावकार व ऋणको यांस मंडळापुढे समोरासमोर बसवून देणे कमी करण्याची सोय केली. १९३९ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी ऋणनिवारणाचा कायदा झाला. या कायद्यांनी किती देणे कमी झाले हा अर्थशास्त्राचा प्रश्न. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तगादा दारातून उठून मंडळाच्या कचेरीत गेला. १९७२ साली राज्याने सुरू केलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेकडेही याच दृष्टीने पाहता येईल. तिचे दोष सर्वश्रुत आहेत, चुकाऱ्यांस होणारा विलंब तर म्हणीसारखा झाला होता. तरीही हमीच्या भावाने अदृश्य बाजारास काही काळ एक चेहरा दिला. चालू शतकाच्या पहिल्या दशकात ती योजना व्यवहारतः संपुष्टात आली, आणि २००२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या कापसाच्या वाणास परवानगी मिळून बियाण्याचा खर्च वाढला, या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या.

रोग्यासाठी म्हणून जी संस्था होती ती दूर होती. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. परंतु ते उन्मादग्रस्तांसाठी होते. घोर लागलेल्या कास्तकाराने तेथे जावे अशी कोणाची कल्पना नव्हती आणि त्याचीही नव्हती. त्याच्यासाठी जे काही होते ते गावातच होते : पार, भजन, सप्ताह, यात्रा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी कीर्तनातून कर्ज काढून सण व लग्ने करण्यावर जे प्रहार केले, ते नीतिबोध म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु श्रोत्यांच्या समूहास प्रश्न विचारून, हसवून, त्यांच्याच तोंडून ऋणाची गोष्ट वदविण्यात लाजेचे गाठोडे सोडविण्याची एक रीत होती. यावलीचे तुकडोजी महाराज यांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थनेस खेडोपाडी नित्याचे स्थान मिळवून दिले. अशा प्रार्थनेने विषाद बरा होतो असा दावा येथे करावयाचा नाही. एवढेच म्हणता येते की, सायंकाळी घराबाहेर पडून ठरावीक वेळी चारचौघांत बसण्याची सक्ती नसलेली शिस्त तिने निर्माण केली, आणि त्या दिवशी न आलेल्या माणसाची गैरहजेरी लक्षात येण्याची सोय झाली.

२००५ नंतरच्या काळात सरकारी लक्ष या प्रदेशाकडे वळले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला, २००६ च्या आरंभी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातील मोठा भाग सिंचनाचा होता, त्याखेरीज थकीत व्याजाची माफी, बियाणे इत्यादि होते. या उपायांस कमी लेखण्याचे कारण नाही. संकटाचे मूळ आर्थिक आहे आणि मानसोपचार हा हमीभावाचा पर्याय होऊ शकत नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. परंतु ज्याची झोप गेली आहे, ज्यास सही करण्यासाठी तालुक्यास जाण्याचे त्राण उरलेले नाही, त्याच्यापर्यंत योजना पोहोचत नाही, हेही तितकेच खरे. चिंताग्रस्त मनुष्य बँकेचे पाकीट फोडत नाही, बाजारात जाण्याचे टाळतो, नातेवाइकांस चुकवितो. प्रत्येक टाळण्याने त्या दिवसापुरता दिलासा मिळतो आणि त्याचे जग थोडे आकुंचन पावते. चिंतेतून विषादाकडे नेणारा पूल बहुधा याच टाळाटाळीचा बनलेला असतो.

हा पूल मधेच तोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न अमरावती जिल्ह्यातच झाला. 'विश्राम' या नावाने ओळखल्या गेलेल्या, 'संगथ' या गोव्यातील संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या कार्यक्रमात ३० गावांतून स्थानिक आरोग्यसेवक व प्रशिक्षित समुपदेशक नेमले गेले. मानसोपचारतज्ज्ञ अवघड रुग्णांपुरता येई. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. विषादग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, विषादाचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले, आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्के झाले. या पाहणीस तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, म्हणून सर्व श्रेय कार्यक्रमास देता येणार नाही. पहिला आकडा मात्र दुसऱ्या दोहोंपेक्षा बोलका आहे. आधी शंभरातील पंचाण्णव माणसे उपचाराविना होती.

समुपदेशकाने नेमके काय करावयाचे असते, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असणे इष्ट आहे. उपदेश करावयाचा नसतो. 'धीर धरा, सर्व ठीक होईल' हे वाक्य तर मुळीच उपयोगाचे नाही, कारण ते ऐकणाऱ्यास ठाऊक असते की बोलणाऱ्याने त्याचा हिशेब पाहिलेला नाही. प्रथम ऐकून घ्यावयाचे. मग चिंतेच्या गाठोड्यातील प्रश्न सुटे करावयाचे. बँकेत जाऊन हप्त्यांची विचारणा करणे हा आज हाताळता येणारा प्रश्न, पुढील वर्षीचा पाऊस हा नव्हे. दुसरीकडे विषादाने थांबविलेली लहान कामे एकेक करून पुन्हा सुरू करावयाची : सकाळी वावरापर्यंत जाऊन येणे, बैलास पाणी दाखविणे, एका मित्राकडे बसणे. मन लागेल तेव्हा काम करू, असे रुग्ण म्हणतो. येथे क्रम उलटा असतो, काम आधी आणि मन मागून. झोपेसाठी घेतली जाणारी दारू चिंता एका रात्रीपुरती दाबते आणि सकाळचा विषाद वाढविते, हे कुटुंबासमक्ष सांगावे लागते. लक्षणे तीव्र असतील अथवा मरणाचे विचार बोलून दाखविले जात असतील तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये, त्या माणसास एकटे सोडू नये, आणि फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत. विषादावरील औषधांपैकी अनेक चिंतेवरही लागू पडतात. दोहोंच्या नात्याचा हाही एक पुरावा होय.

शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू करून चौदा जिल्ह्यांत आशा कार्यकर्तींमार्फत घरोघर पाहणी व समुपदेशनाची व्यवस्था केली. अमरावती व अकोला हे जिल्हे त्यांत आहेत. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी-सेवा चालते आणि तीवर मराठीत बोलता येते. आमच्या मते या दोन्ही व्यवस्थांची कसोटी स्त्रियांच्या बाबतीत लागावयाची आहे. विषाद स्त्रियांत अधिक आढळतो हे जगभरचे निरीक्षण आहे. परंतु सातबारा नावावर नसल्याने शेतात राबणारी स्त्री नोंदींत शेतकरी ठरत नाही, आणि पतीच्या मागे तोच तगादा, तेच पीक व तीच चिंता तिच्याकडे वारसाने येते.

अभ्यासाच्या दृष्टीने एक दिशा सुचवितो. तालुक्यांच्या कचेऱ्यांतील पंचनाम्यांत मृत्यूची तारीख असते. त्या तारखा पेरणी, वेचणी, भाव आणि बँकेची नोटीस यांच्या तारखांशी ताडून पाहता येतील. खारपाणपट्ट्यातील गावे व त्याबाहेरील गावे यांची अकोला जिल्ह्यापुरती तुलनाही करता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाह्यरुग्ण-नोंदींत निद्रानाश, छातीतील धडधड, अंगदुखी, अशक्तपणा अशा तक्रारी कोणत्या महिन्यांत वाढतात हे पाहिले, तर ज्या रकान्याविषयी आरंभी लिहिले त्यातील काही भाग कदाचित तेथेच, वेगळ्या नावाने लिहिलेला सापडेल.